शुगरसोबत थायरॉईड मंदावते तेव्हा

इस्लापूरच्या बाजाराच्या दिवशी माझ्या दवाखान्यात आसपासच्या खेड्यांतून बरीच मंडळी येतात. अशाच एका बाजारी पन्नाशीच्या एक मावशी आल्या. पाच-सहा वर्षांपासून मधुमेह, गोळ्या नियमित. तक्रार एकच, "डॉक्टरसाहेब, अंगात त्राणच राहिलं नाही. साखरेनं पार खाल्लं बघा मला." तीन महिन्यांची सरासरी दाखविणारा एचबीएवनसीचा अहवाल वाढलेला होता. उपाशीपोटीची साखर तेवढी वाढलेली नव्हती, तरी मी एका अहवालावर विसंबून गोळीची मात्रा वाढविली. पंधरा दिवसांनी पहाटेच त्यांचा मुलगा धावत आला. मावशी घामाघूम, बोलणे असंबद्ध. साखर तपासली तर ४८!

ग्लुकोज दिल्यावर त्या सावरल्या. मग मी त्यांच्याकडे नीट पाहिले. चेहरा सुजलेला, आवाज घोगरा, कातडी कोरडी, आणि भर चैत्रात अंगावर शाल. टीएसएच तपासले, ते ६० च्या वर निघाले. थायरॉईड ग्रंथी पार मंदावली होती. हे मला आधीच दिसायला हवे होते.

ही ग्रंथी गळ्यात पुढच्या बाजूला, श्वासनलिकेवर असते. तिचा स्राव सगळ्या शरीराच्या कामाचा वेग ठरवितो. तो कमी पडला की थकवा, वजन वाढणे, बद्धकोष्ठ, केस गळणे, थंडी सहन न होणे असे त्रास सुरू होतात. यातला थकवा मधुमेहातही असतो, म्हणून सगळे खापर शुगरवर फुटते. "आम्ही तर आयोडीनचे मीठ खातो," असे अनेकजण म्हणतात. पण आज बहुतेकांची ग्रंथी मंदावते ती शरीराची स्वतःची संरक्षण यंत्रणाच तिच्यावर उलटते म्हणून. लहानपणीच इन्सुलिन लागणाऱ्या मुलांत स्वादुपिंडाचे असेच झालेले असते. त्यामुळे त्या मुलांची थायरॉईड तपासणी विसरू नये. देशातील आठ शहरांत झालेल्या आणि २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत सुमारे ११ टक्के प्रौढांत हा विकार आढळला होता.

आता मावशींची साखर का उतरली? ग्रंथी मंद असली की यकृत रक्तात साखर कमी सोडते, आतड्यातून साखर हळू शोषली जाते आणि इन्सुलिन शरीरात जास्त वेळ टिकते. मात्र लाल रक्तपेशी जुन्या होऊन साचत असल्याने एचबीएवनसी खऱ्यापेक्षा जास्त दिसू शकते. मी फसलो तो इथेच.

उपचार सुरू झाल्यावर याच्या उलट घडते. हृदयाचा आलेख काढून मावशींना थायरॉईडची गोळी लहान मात्रेत सुरू केली, शुगरची गोळी कमी केली. दोन-तीन महिन्यांनी अंगात तरतरी आली, आणि साखर थोडी वर गेली. शेजारणीने सांगितले, "नव्या गोळीनं शुगर वाढली, बंद कर." सुदैवाने त्या विचारायला आल्या. गोळीचा दोष नव्हता. शरीर मूळ वेगावर आले होते, इतकेच. शुगरचे औषध पुन्हा थोडे वाढविले. मात्रा बदलली की सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच पाहावे, आणि त्या काळात साखरही वरचेवर तपासावी. आपल्या मनाने कोणतीच गोळी कमी-जास्त करू नये.

सगळ्यात मोठा घोळ होतो तो चहाने. आपल्याकडे डोळे उघडले की आधी चहा! थायरॉईडची गोळी मात्र उपाशीपोटी, साध्या पाण्याबरोबर घ्यावी आणि त्यानंतर निदान अर्धा तास, जमल्यास तासभर, चहासुद्धा घेऊ नये. कॅल्शियम आणि लोहाच्या गोळ्या चार तासांनंतर. पहाटे शेतावर जाणाऱ्यांना हे जमत नसेल, तर रात्री जेवणानंतर तीन तासांनी झोपताना घेतली तरी चालते. फक्त वेळ रोज तीच ठेवावी.

उपासाच्या दिवशी लोक दोन्ही गोळ्या बंद ठेवतात, नाहीतर दोन्ही घेतात. थायरॉईडची गोळी पाण्याबरोबर घ्यावी. शुगरच्या गोळीचे, विशेषतः इन्सुलिनचे, उपास धरण्यापूर्वीच डॉक्टरांना विचारावे. हातपाय थरथरले, घाम फुटला, तर तीन चमचे साखर पाण्यात घालून लगेच प्यावी, उपास मोडला तरी! पंधरा मिनिटांत बरे न वाटल्यास पुन्हा. बेशुद्ध माणसाच्या तोंडात मात्र काहीही घालू नये. त्याला तडक दवाखान्यात न्यावे.

गरोदर बाईने तर दिवस राहिल्याचे कळताच टीएसएच तपासून घ्यावे, कारण तेव्हा मात्रा बहुधा वाढवावी लागते.

आणि हो, उष्णतेने व ओलाव्याने ही गोळी खराब होते. मावशींची बाटली चुलीवरच्या फळीवर होती; आता ती आतल्या खोलीत, धान्याच्या कोठीशेजारी असते.