सहा वर्षांना सहा दिवस

२२ जुलै १९०८ च्या रात्री न्यायमूर्ती दावर यांनी लोकमान्य टिळकांना राजद्रोहाबद्दल सहा वर्षांच्या हद्दपारीची शिक्षा फर्मावली, आणि त्यापाठोपाठ चिंचपोकळी, परळ, लालबाग या टापूतल्या गिरण्यांचे साचे थांबले. शिक्षेच्या दर वर्षामागे एक दिवस, असा मजुरांचा हिशेब होता. तो पुरा करून ते कामावर परतले. सरकारशी वैर मांडताना मुदत आपणच ठरवावी आणि ती आपणच पाळावी, यातल्या शिस्तीचे मोल मला त्या संपातील संतापाहून अधिक वाटते. कारण ज्या हुकमतीस प्रजेची संमती नको असते, तिलाही प्रजेचे श्रम हवेच असतात, आणि शिपाई मजुराला तुरुंगात डांबू शकला, तरी साच्यावरचा तुटलेला धागा सांधणे काही त्याला जमत नाही.

नवल हे, की या मजुरांना धड युनियनही नव्हती. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली गिरणी कामगारांची सभा स्थापिली होती. परंतु तिचा भर अर्जविनंत्यांवर, आणि १८९७ मध्ये लोखंडे प्लेगने वारल्यावर ती निस्तेज झाली. चाळ, गाववाले आणि मुकादम, एवढीच काय ती संघटना. शिवाय हा संप सर्वस्वी अहिंसक होता असेही म्हणवत नाही: रस्त्यावर दगडफेक झाली, लष्कराने गोळ्या झाडल्या, माणसे मेली, आणि टिळक सुटले ते १९१४ सालीच. पोलंडमधील ग्दान्स्कच्या जहाजबांधणी कामगारांनी या बाबतीत अधिक शहाणपण दाखविले. डिसेंबर १९७० मध्ये रस्त्यावर गोळ्या झेलल्यावर, ऑगस्ट १९८० मध्ये ते कारखान्याच्या फाटकाआडच ठाण मांडून बसले, आत दारूला बंदी केली, २१ मागण्या लिहून काढल्या, आणि ३१ ऑगस्टला कम्युनिस्ट सरकारकडून स्वतंत्र युनियनचा हक्क मान्य करवून घेतला.

फाटकाआड बसणाऱ्यालाही पोट असतेच. गिरणगावातला १९२८ चा सुमारे सहा महिन्यांचा संप तगला, त्यात खानावळवालीच्या उधारीचा आणि कोकणातल्या घरच्या भाताचा वाटा पुढाऱ्यांच्या भाषणांहून कमी नसावा. गिरणी कामगार युनियनने गिरणीगणिक समित्या उभारल्या. लढा मालकांशी होता. पण त्यातले मर्म ओळखले सरकारने. २० मार्च १९२९ रोजी डांगे, मिरजकर, जोगळेकर प्रभृती युनियनच्या पुढाऱ्यांना पकडण्यात आले, आणि त्यांचा खटला मुंबईत न चालविता मेरठला नेण्यात आला, कारण तेथे ज्यूरीपुढे उभे राहण्याची सरकारला गरज नव्हती.