वैमानिकीय व अवकाश अभियांत्रिकी : पदव्युत्तर शिक्षण

विमाने, क्षेपणास्त्रे, अग्निबाण, कृत्रिम उपग्रह इत्यादींचा अभिकल्प, निर्मिती व कसोटी यांसंबंधीचे, प्रथम पदवीनंतर घ्यावयाचे शिक्षण. वैमानिकाच्या प्रशिक्षणाशी त्याची गल्लत पुष्कळदा केली जाते; वस्तुतः दोन्ही सर्वस्वी भिन्न होत.

भारतात या विषयाचे अध्यापन बंगलोरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये १९४२ साली सुरू झाले. तेथील आद्य अध्यापक विष्णू माधव घाटगे (१९०८–९१) हे कोल्हापूर जिल्ह्यातील हसूरचे. सीमास्तराची संकल्पना १९०४ मध्ये मांडणारे लूटव्हिख प्रांट्ल यांच्या मार्गदर्शनाखाली गॉटिंगेन येथे त्यांनी डॉक्टरेट मिळविली. त्यांच्या नेतृत्वाखाली अभिकल्पित केलेले ‘एचटी-२’ हे प्रशिक्षण विमान १९५१ मध्ये प्रथम उडाले.

वऱ्हाडात अमरावतीचे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय १९६४ मध्ये स्थापन झाले. पुढे शेगाव, अकोला येथेही महाविद्यालये निघाली. येथील विद्यार्थी बहुधा यंत्र अभियांत्रिकीची पदवी घेऊन ‘गेट’ परीक्षेच्या द्वारे मुंबई, कानपूर, मद्रास वा खरगपूर येथील भारतीय तंत्रविद्या संस्थांत किंवा बंगलोरला जातो. ऊष्मागतिकी व पदार्थांचे बल हे विषय त्याच्या परिचयाचे असतात. अडचण येते ती अन्यत्र. पदवीच्या द्रायुयामिकीत मुख्यतः नळातील व टरबाइनातील पाण्याचा विचार असतो व पाण्याची घनता स्थिर मानलेली असते. ध्वनिवेगाच्या जवळपास हवेची घनता मात्र बदलते आणि समीकरणांचे स्वरूपच पालटते. त्याचप्रमाणे विमानाचा पातळ पत्रा बलाची मर्यादा गाठण्यापूर्वीच वाकून सुरकुततो. उड्डाणाचे स्थैर्य हा विषय तर अगदी नवा असतो. पहिल्या सत्राचा ताण बव्हंशी यामुळेच होय.

या शास्त्राचे एक उदाहरण वऱ्हाडातच मिळते. अमरावतीजवळील बेलोरा विमानतळावरून एप्रिल २०२५ मध्ये मुंबईची नियमित प्रवासी वाहतूक सुरू झाली. मे महिन्यात येथील तापमान ४५° से. पर्यंत चढते. प्रमाणभूत १५° से. च्या तुलनेने तेव्हा हवेची घनता केवळ तापमानामुळेच सु. ९ टक्क्यांनी घटते. तेवढेच वजन उचलण्यासाठी विमानास सु. ५ टक्के अधिक वेग लागतो. एंजिनाची शक्तीही त्याच वेळी कमी होते. परिणामी धावपट्टीवरील धाव लांबते, नाहीतर भार कमी करावा लागतो.

एम्. टेक्. अभ्यासक्रम सामान्यतः दोन वर्षांचा असतो. मुंबईस वायुयामिकी, प्रचालन, संरचना आणि गतिकी व नियंत्रण या शाखा आहेत. शिक्षणसाहाय्यकास विद्यावेतन मिळते, ही शेतकरी कुटुंबातील विद्यार्थ्याच्या दृष्टीने निर्णायक बाब ठरते.

परदेशी, विशेषतः अमेरिकेत, जाणाऱ्याने कर्ज काढण्यापूर्वी एक गोष्ट ध्यानी घेणे इष्ट. तेथील विद्यापीठांत प्रवेश मिळतो, परंतु संरक्षणविषयक निर्यात-नियंत्रणाच्या नियमांमुळे नागरिक वा कायम रहिवासी नसलेल्यास विमान व अग्निबाण उद्योगातील पुष्कळशा नोकऱ्या बंद असतात. असे पदवीधर बहुधा मोटारनिर्मिती, पवनचक्क्या वा संगणकीय द्रायुगतिकी यांकडे वळतात.