तारे, खिळे आणि ढग

परक्या भाषेतील शब्दाचा अर्थ कोशात सापडतो. त्यामागचे चित्र मात्र कोशात असतेच असे नाही. चित्रपटांच्या पुरस्कारसोहळ्यांच्या वृत्तांतात हटकून येणारे ‘स्टार-स्टडेड’ हे इंग्रजी विशेषण घ्या. नामवंतांनी गजबजलेला, एवढाच त्याचा अर्थ. पण चिनी भाषिक विद्यार्थ्याला ते शिकवताना तीन गाठी सोडवाव्या लागतात.

पहिली गाठ ‘स्टार’ची. ती सहज सुटते; कारण चिनी भाषेतही लोकप्रिय नटनटींना ‘मिंगशिंग’, म्हणजे तेजस्वी तारा, असेच म्हणतात.

दुसरी ‘स्टडेड’ची. ‘स्टड’ म्हणजे शोभेसाठी ठोकलेला रुंद माथ्याचा खिळा. जुन्या वाड्याच्या दरवाजावर पितळी खिळे चमकावेत, तसे इंग्रजांच्या कल्पनेत तारे जडवलेले असतात. चिनी वाक्प्रचार आहे ‘जोंगशिंग युनजी’: त्यात तारे ढगांप्रमाणे गोळा होतात. एकीकडे कोंदण, दुसरीकडे आभाळ!

तिसरी गाठ फसवी आहे. ‘जोंगशिंग फंगयुए’, म्हणजे अनेक ताऱ्यांनी चंद्राला उचलून धरणे, हाही वाक्प्रचार चिनी विद्यार्थ्याच्या ओठांवर असतो. पण त्यात मान एकट्या चंद्राचा. ‘स्टार-स्टडेड’मध्ये चंद्रच नाही, सारे तारेच. म्हणून हे विशेषण सोहळ्याला, चित्रपटाला वा नटसंचाला लावावे. एकट्या नटाला लावू नये. शेवटचा ‘एड’ पाहून ते भूतकाळी क्रियापद आहे असेही समजू नये.

मग मराठीत काय म्हणावे? ‘रत्नजडित’ आपल्यापाशी आहे. पण ‘तारांकित’ म्हटले की विधिमंडळातला प्रश्न आठवतो, आणि ‘तारे तोडणे’ तर सर्वांच्या परिचयाचे! अशा वेळी ज्ञानदेवांच्या पसायदानातली ‘मांदियाळी’ धावून येते. ‘कलावंतांची मांदियाळी’ म्हणताच सभागृह भरून जाते. खिळे नकोत, ढगही नकोत.

आम्हां बृहन्महाराष्ट्रातील कुटुंबांना या शब्दचर्चेचे अगत्य अधिक. इंदूर-बडोद्याची आमची मुले इंग्रजी शब्दाचा अर्थ बहुधा हिंदीतून वा गुजरातीतून शिकून येतात. त्यात गैर काहीच नाही. मात्र घरी आल्यावर ‘आपण याला काय म्हणतो?’ हा प्रश्न कोणी विचारलाच नाही, तर मांदियाळीसारखे शब्द देवघरापुरतेच उरतील. तो प्रश्न आज रात्री जेवताना अवश्य विचारावा.