शास्त्रज्ञाचे चित्र काढा पाहू!

विद्यार्थिमित्रांनो, पुढे वाचण्यापूर्वी एक कोरा कागद आणि पेन्सिल घ्या, आणि आपल्या कामात गढून गेलेल्या एका शास्त्रज्ञाचे चित्र काढा. चित्रकला बेताची असली तरी हरकत नाही. पाच मिनिटे पुरेत.

काढलेत? आता पाहा बरे, तुमचा शास्त्रज्ञ कसा दिसतो? पांढरा डगला, जाड भिंगांचा चष्मा, पिंजारलेले केस, जमल्यास दाढी, हातात धूर सोडणारी परीक्षानळी! असे असेल तर तुम्ही एकटे नाही. डेव्हिड चेंबर्स नावाच्या संशोधकाने १९६६ ते १९७७ या काळात मुख्यतः कॅनडा, अमेरिका आणि ऑस्ट्रेलिया येथील ४,८०७ लहान मुलांकडून अशीच चित्रे काढून घेतली होती. पाचवीपर्यंतची ही मुले, आणि त्यांत जवळजवळ निम्म्या मुली. या एवढ्या ढिगातून स्त्री शास्त्रज्ञाची चित्रे किती निघाली असतील? फक्त २८. म्हणजे हजारात सहासुद्धा नाहीत. आणि ती सर्व मुलींनीच काढलेली होती. एकाही मुलाला शास्त्रज्ञ म्हणून बाई सुचली नाही.

हा निष्कर्ष १९८३ मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे अनेकांनी हाच प्रयोग केला. अमेरिकेतील पाच दशकांतल्या अशा अभ्यासांची एकत्र छाननी २०१८ मध्ये झाली, तेव्हा काळ थोडा बदललेला दिसला. अलीकडच्या अभ्यासांत शंभरातली सुमारे २८ चित्रे स्त्रियांची होती. परंतु त्या आकड्यांत एक विचित्र गोष्ट दडलेली होती. सहा वर्षांच्या मुलींनी काढलेल्या चित्रांपैकी पुरुषांची चित्रे ३० टक्क्यांच्या आसपास होती; सोळा वर्षांच्या मुलींच्या चित्रांत हेच प्रमाण ७५ टक्क्यांवर गेले होते! पहिलीतल्या मुलीला शास्त्रज्ञ म्हटले की आपल्यासारखी कोणीतरी दिसते, आणि दहावीपर्यंत ती बाई तिच्या कागदावरून नाहीशी होते. मधल्या दहा वर्षांत घडते तरी काय?

चटकन मनात येणारे उत्तर असे की, मुलींना विज्ञान जमत नसेल किंवा आवडत नसेल. हे उत्तर आकड्यांवर घासून पाहू. २०१५ मध्ये पंधरा वर्षांच्या मुलामुलींची एक मोठी आंतरराष्ट्रीय परीक्षा झाली. (आपला देश त्या वर्षी तीत नव्हता.) विज्ञानाच्या गुणांत मुलगे-मुलींचा सरासरी फरक अगदी नगण्य निघाला. परीक्षेबरोबर एक प्रश्नही विचारला होता : तिसाव्या वर्षी तुम्ही कोणते काम करीत असाल? विज्ञानाशी संबंधित काम सांगणारे मुलगे २५ टक्के, मुली २४ टक्के. म्हणजे येथेही बरोबरी!

पण थांबा. ही बरोबरी आतून उकलून पाहिली की वेगळेच चित्र दिसते. वैद्यकीय कामे, म्हणजे डॉक्टर, परिचारिका, पशुवैद्य इत्यादी, सांगणाऱ्या मुली १७ टक्क्यांवर, तर मुलगे जेमतेम ६ टक्के. अभियंता, वैज्ञानिक किंवा वास्तुरचनाकार होऊ म्हणणारे मुलगे १२ टक्के, मुली ५ टक्के. आणि संगणकाच्या क्षेत्रात? मुलगे सुमारे ५ टक्के, तर मुली दोनशेत एकसुद्धा नाही. विज्ञानाच्या घरात दोघेही शिरतात, पण खोल्या वाटून घेतल्यासारख्या. आपल्याकडेही बी. एस्सी.च्या वर्गांत मुली निम्म्याहून थोड्या अधिकच असतात. अभियांत्रिकीत मात्र त्या तृतीयांशाहून कमी आहेत.

आता तुमच्यापैकी कोणी म्हणेल, “मेंदूची घडणच वेगळी असेल. मुलग्यांना यंत्रे आवडतात, मुलींना माणसे.” ही शंका हसण्यावारी नेण्याजोगी नाही. आवडीनिवडीतल्या सरासरी फरकाचे मूळ काही प्रमाणात उपजत असते की नाही, यावर तज्ज्ञांत आजही वाद आहे. परंतु एक कसोटी आपण लावू शकतो. आवड जर सर्वस्वी मेंदूने ठरवलेली असेल, तर ती वीस-पंचवीस वर्षांत बदलणार नाही, आणि देशागणिक तर मुळीच बदलणार नाही. खरे ना? मग संगणकाचीच गोष्ट पाहू.

१९४६ च्या फेब्रुवारीत अमेरिकेतील फिलाडेल्फिया येथे ‘एनिॲक’ हे अवाढव्य विद्युत्-गणकयंत्र जगापुढे आले. ते यंत्र उभारले पुरुष अभियंत्यांनी. पण त्याच्याकडून गणिते करून घेण्यासाठी कोणती तार कोठे जोडायची आणि कोणती कळ केव्हा फिरवायची याची आखणी केली सहा तरुणींनी. बेटी स्नायडर, जीन जेनिंग्ज, के मॅकनल्टी ही त्यांतली काही नावे. आज आपण ज्याला प्रोग्रॅमिंग म्हणतो तेच हे काम; पण त्या वेळी ते कारकुनी समजले जाई. म्हणून ते बायकांकडे आले, आणि म्हणूनच त्यांची नावेही पुढे कित्येक वर्षे कोणाला ठाऊक नव्हती.

पुढे अमेरिकेत संगणकशास्त्राची पदवी घेणाऱ्यांत मुलींचे प्रमाण चढत गेले. १९८४ च्या सुमारास ते ३७ टक्क्यांपर्यंत पोहोचले, आणि मग चक्क घसरू लागले. २०१० च्या सुमारास ते १८ टक्क्यांवर आले होते. पंचवीस वर्षांत मुलींचे मेंदू काही बदलले नाहीत. मग बदलले काय?

एक महत्त्वाचे कारण असे दिसते. ऐंशीच्या दशकात तेथे घरोघरी छोटे संगणक आले. जाहिरातींतून आणि खेळांतून ते मुलग्यांची वस्तू म्हणून विकले गेले. पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठात जेन मार्गोलिस आणि ॲलन फिशर या दोघांनी १९९५ पासून चार वर्षे संगणकशास्त्राच्या शंभराहून अधिक विद्यार्थ्यांच्या मुलाखती घेतल्या. घरचा संगणक बहुधा भावाच्या खोलीत ठेवलेला असे, हे त्यांच्या ध्यानात आले. भाऊ तो खोले, बिघडवी, पुन्हा जोडी. बहीण बाजूला उभी राहून पाही. महाविद्यालयात पहिल्याच दिवशी हा भाऊ पाच वर्षांचा सराव घेऊन येई, आणि शेजारी बसलेल्या मुलीला वाटे, “हा उपजतच हुशार, आपल्याला हे जमायचे नाही.” सरावाला ती बुद्धी समजत होती! मग आत्मविश्वास ओसरला की आवडही ओसरे.

विद्यापीठाने काय केले? प्रवेशाच्या वेळी आधीच्या सरावाला दिलेले वजन कमी केले, नवशिक्यांसाठी वेगळा प्रारंभिक वर्ग काढला, आणि शाळांतील शिक्षकांना याबाबत प्रशिक्षण दिले. १९९५ मध्ये तेथे प्रवेश घेणाऱ्यांत मुली ७ टक्के होत्या. २००० मध्ये त्या ४२ टक्के झाल्या.

आता देशागणिक फरक पाहा. मलेशियात संगणकशास्त्र शिकणाऱ्यांत मुलींचे प्रमाण निम्म्याच्या आसपास असते. आपल्याकडेही अभियांत्रिकीला जाणाऱ्या मुली संगणकाची शाखा आनंदाने घेतात. यंत्र अभियांत्रिकीच्या वर्गात मात्र त्या मोजक्याच दिसतात. का? कारण येथे घरातली मोठी माणसे म्हणतात, “कॉम्प्युटरचे काम बरे. कचेरीत बसून करायचे, उन्हातान्हात आणि तेलकट कारखान्यात जायला नको.” तेच यंत्र! तिकडे ‘मुलग्यांचे’ ठरले, इकडे ‘मुलींना सोयीचे’ ठरले. यंत्राला मात्र याची काहीच कल्पना नाही.

एके काळी दारच बंद असे. १९३३ मध्ये मुंबई विद्यापीठात पहिली आलेली कमला भागवत (पुढे कमला सोहोनी) बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत गेली, तेव्हा केवळ मुलगी म्हणून तिला सर सी. व्ही. रामन यांनी नकार दिला. ती हटली नाही. शेवटी वर्षभर काम पाहू, या अटीवर तिला घेतले, आणि १९३९ मध्ये ती केंब्रिजची डॉक्टरेट मिळवून मोकळी झाली. तिची आवड कोणी काढून घेऊ शकले नाही, कारण नकार उघड होता आणि त्याच्याशी भांडता येत होते. भावाच्या खोलीतल्या संगणकाशी भांडायचे कसे? आणि मुलग्यांनो, हे तुम्हालाही लागू आहे. परिचारकाचे काम करावेसे वाटणारा मुलगा घरात ते मोकळेपणाने बोलू शकतो का?

मी शाळेच्या प्रयोगशाळेत बराच काळ वावरलो आहे. चौघांच्या गटात व्हर्नियर कॅलिपर कोणाच्या हाती जातो आणि वाचने उतरवून घ्यायला वही कोणाकडे येते, हे बहुतेक वेळा सांगावेच लागत नाही. “तुझे अक्षर छान आहे, तू लिही.” यात कोणाचाही दुष्ट हेतू नसतो. पण वर्षअखेर एकाच्या बोटांना उपकरणाची सवय झालेली असते आणि दुसरीच्या वहीला. पुढे अकरावीला शाखा निवडायची वेळ येते, तेव्हा या दोघांना आपापली ‘आवड’ वेगळी असल्याचे मनापासून वाटते.

माझे हे निरीक्षण तुमच्या शाळेत खरे ठरते का, ते तुम्हीच तपासा. प्रात्यक्षिकाच्या चार तासिका निवडा. दर पाच मिनिटांनी प्रत्येक गटाकडे पाहा, आणि उपकरण कोणाच्या हातात आहे व लेखणी कोणाच्या, याच्या खुणा एका तक्त्यात करा. मुलगे किती, मुली किती, हे आधी मोजून ठेवा, नाहीतर तुलना चुकेल. वर्गाला आधी सांगू नका; आपल्याकडे कोणी पाहत आहे हे कळले की माणसे निराळी वागतात. पुढच्या चार तासिका शिक्षकांना विनंती करून दर दहा मिनिटांनी कामांची अदलाबदल करायला लावा. आणि जमल्यास पहिलीच्या व दहावीच्या मुलामुलींकडून शास्त्रज्ञाची चित्रे काढून घ्या. मात्र सूचना देताना ‘तो’ किंवा ‘ती’ म्हणू नका. आपल्या भाषेत ‘शास्त्रज्ञ’ हा शब्द दोघांनाही चालतो, पण एखादे क्रियापद चुकून आले की उत्तर फुटते!