मोडण्यापेक्षा वाकायला शिकूया



आज अंग आखडण्याबद्दल बोलायचं आहे. सुरुवात माझ्यापासूनच करतो.

तीन वर्षांपूर्वी आई गेली. दहाव्याच्या विधीला गुरुजींनी पाटावर बसायला सांगितलं. थोरला मुलगा मी, त्यामुळे बसायचं मलाच होतं. बसलो खरा, पण गुडघे वर, पाठीला बाक आणि पाच मिनिटांत डाव्या मांडीत पेटका. धाकट्या भावाने काही न बोलता प्लास्टिकची खुर्ची आणून ठेवली. उरलेला विधी मी खुर्चीवर बसून केला. कुणी काही म्हटलं नाही. पण आईसाठी अर्धा तास जमिनीवर बसता आलं नाही, हे मला फार लागलं.

सैन्यात असताना मी स्वतःला फिट समजत होतो. पाच किलोमीटर धावणं, दोरावर चढणं, पाठीवर वजन घेऊन चालणं, सगळं केलं. त्याने ताकद आली, दम वाढला. पण धावताना किंवा चालताना खुबा, गुडघा, घोटा हे सांधे त्यांच्या पूर्ण टप्प्यापर्यंत कधीच जात नाहीत. निवृत्तीनंतर तर खुर्ची, सोफा, गाडी आणि कमोड. उकिडवं बसण्याची वेळच येईना. शरीराचा हिशेब सरळ आहे : ज्या टप्प्यापर्यंत तुम्ही त्याला नेत नाही, तो टप्पा ते हळूहळू सोडून देतं. वयाचा वाटा असतोच, पण न वापरण्याचा वाटाही मोठा असतो. वय कमी करता येत नाही. वापर वाढवता येतो.

आता माझी चूक ऐका. विधीनंतर घरी आलो आणि जुन्या पी.टी.च्या सवयीने कामाला लागलो. पाय ताठ, कमरेतून खाली वाकायचं आणि झटके द्यायचे. एक, दोन, तीन, चार! चौथ्या दिवशी मांडीच्या मागचा स्नायू दुखावला. तीन आठवडे जिना चढताना कठडा धरावा लागला.

असं का झालं, ते समजून घ्या. आजच्या बोलण्याचा गाभा तोच आहे. स्नायू किती आणि किती वेगाने ताणला जातोय, हे ओळखणारी बारीक यंत्रणा स्नायूच्या आतच असते. तिला पहारेकरी समजा. झटका बसला की तो मज्जारज्जूला खबर देतो आणि लगेच उलट हुकूम सुटतो : आवळून घे! म्हणजे आपण स्नायू लांबवायला जातो आणि तो आखडतो. पहारेकऱ्याला धक्का मारून आत शिरता येत नाही. सावकाश जायचं, थांबायचं, श्वास सोडायचा. इथे धोका नाही हे पटलं की तो वाट देतो.

सुरुवातीच्या काही आठवड्यांत जी सुधारणा दिसते, तिच्यात स्नायू खरोखर लांब होण्याचा भाग थोडाच असतो. मज्जासंस्था तेवढा ताण सहन करायला शिकते, हा भाग मोठा. म्हणून रविवारी तासभर अंग ताणून उपयोग नाही. रोज पंधरा मिनिटं द्या. जोर कमी, खाडा नाही.

योगसूत्रांतही आसनाची कसोटी स्थिरता आणि सुख हीच सांगितली आहे. किती वाकलात, ही कसोटी तिथे नाही. आणि आधार घेण्यात कमीपणा नाही. बी. के. एस. अय्यंगार १९३७ साली पुण्यात योग शिकवायला आले. त्यांचं स्वतःचं बालपण आजारपणात गेलं होतं. पट्टा, ठोकळे, दोर, खुर्ची अशा साधनांचा वापर त्यांनी पद्धतशीरपणे रुजवला, त्यामुळे ताठर आणि आजारी माणसालाही आसनाचा लाभ घेता आला. आपल्या घरी पट्ट्याऐवजी पंचा किंवा ओढणी चालते, ठोकळ्याऐवजी घडी घातलेलं ब्लँकेट.

मी करतो तो क्रम सांगतो. आधी पाच-सात मिनिटं चालून अंग गरम करायचं. इकडे इंदूरला जानेवारीत पहाटे उठलं की अंग लाकडासारखं असतं. तेव्हा मी हे सगळं संध्याकाळी करतो. थंड अंग ताणू नका.

पहिलं, मार्जारासन. हात आणि गुडघे टेकून पाठ सावकाश वर-खाली, आठ-दहा वेळा. गुडघ्यांखाली ब्लँकेट घ्या.

दुसरं, पाठीवर झोपून एका पायाच्या तळव्याला पंचा अडकवायचा आणि पाय वर उचलायचा. हे सुप्त पादांगुष्ठासनाचं सोपं रूप. गुडघा थोडा वाकला तरी चालेल. मांडीच्या मागे ताण जाणवला की थांबा. उभ्याने वाकण्यापेक्षा हे बरं, कारण कमरेवर भार येत नाही.

तिसरं, बद्धकोणासन. भिंतीला पाठ लावून, ब्लँकेटच्या घडीवर बसून तळवे एकमेकांना जुळवायचे. गुडघे हाताने खाली दाबू नका. मांडी घालून बसता येण्यासाठी मला सर्वांत जास्त उपयोग याचा झाला.

चौथं, भिंतीला हात टेकून एक पाय मागे घ्यायचा, टाच जमिनीवर. पोटरी आणि घोटा सुटतो. घोटा वाकत नसेल तर उकिडवं बसताना तोल मागे जातो.

पाचवं, खिडकीचे गज किंवा जड टेबल धरून अर्धं उकिडवं बसायचं आणि उठायचं, पाच वेळा. सुटलेला सांधा सांभाळायला ताकदही लागते.

दुसऱ्या, तिसऱ्या आणि चौथ्या प्रकारात प्रत्येक बाजूला ३० सेकंद थांबा, दोनदा करा. साठीच्या पुढच्यांनी हळूहळू ६० सेकंदांपर्यंत जावं. घड्याळ नको असेल तर पाच-सहा संथ श्वास मोजा. ताण ओढल्यासारखा वाटावा. टोचणारी कळ किंवा पायात मुंग्या आल्या तर मागे या. श्वास अडकला, याचा अर्थ तुम्ही पुढे गेलात.

काही मंडळींनी आधी डॉक्टरांना विचारावं : खुबा किंवा गुडघा बदललेले, सायटिकाचा त्रास असलेले. हाडं ठिसूळ असतील तर पाठ गोल करून पुढे वाकू नका. मणक्याला इजा होऊ शकते. रक्तदाब किंवा काचबिंदू असेल तर डोकं खाली करण्याची आसनं टाळा.

ब्राझीलमधल्या संशोधकांनी ५१ ते ८० वयाच्या दोन हजार लोकांना जमिनीवर बसून उठायला सांगितलं आणि २०१२ साली निष्कर्ष मांडले. ज्यांना हात-गुडघ्यांचा आधार फार लागला, त्यांच्यात पुढच्या काही वर्षांत मृत्यूचं प्रमाण जास्त दिसलं. नुसतं बसता-उठता आल्याने आयुष्य वाढतं, असा अर्थ काढू नका. पण ताकद, तोल आणि लवचिकपणा तिन्ही शाबूत आहेत का, हे त्या एका हालचालीत कळतं. ही परीक्षा एकट्याने घेऊ नका, शेजारी कुणीतरी असू द्या.

माझा हिशेब सांगतो. पहिल्या दिवशी वाकलो तर बोटं जमिनीपासून वीतभर वर. सहा आठवड्यांनी चार बोटं अंतर उरलं. मग तीन महिने काहीच हललं नाही, तेव्हा फार वैताग आला. त्या काळात एकच बदल केला : सकाळचं वर्तमानपत्र जमिनीवर बसून वाचायला लागलो, आधी भिंतीला टेकून, मग न टेकता. दहा मिनिटांची वीस झाली.

आईच्या वर्षश्राद्धाला मी पाटावर ब्लँकेटची घडी ठेवून बसलो. चाळीस मिनिटं. मध्ये एकदा पाय बदलला. खुर्ची मागे भिंतीशी ठेवलेली होती, ती लागली नाही. उठताना भावाने हात पुढे केला, तो मात्र मी घेतला.

मोडेन पण वाकणार नाही, हा बाणा सीमेवर शोभतो. घरी, चटईवर, तो उपयोगाचा नाही. आज संध्याकाळी फक्त पहिले दोन प्रकार करून बघा. बाकीचे पुढच्या आठवड्यात.

जय हिंद.