विश्लेषण : फुकेतमध्ये स्कूटर घेण्याआधी कळंबोलीला चक्कर का मारावी?

उलव्याच्या विमानतळावरून २५ डिसेंबर २०२५ रोजी उड्डाणे सुरू झाली. विमानतळ पनवेल तालुक्यातच आल्यावर परदेशवारी हाताशी वाटू लागणे साहजिक आहे. तिकीट, व्हिसा, हॉटेल यांची तयारी महिनाभर आधीपासून होते. तिथे उतरल्यावर फिरायचे कशाने, हा प्रश्न मात्र ‘गेल्यावर बघू’वर सोडला जातो. खरा धोका तिथेच आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ च्या अहवालानुसार जगभरात वर्षाला सुमारे ११ लाख ९० हजार लोक रस्ते अपघातांत मरतात. ५ ते २९ वर्षे वयोगटात मृत्यूचे हे पहिल्या क्रमांकाचे कारण आहे.

स्कूटर स्वस्त, पण...

समजा, खांदा कॉलनीतले एक जोडपे फुकेतला गेले. समुद्रकिनाऱ्यावरच्या दुकानात स्कूटर भाड्याने मिळते. दुकानदार परवाना नीट पाहीलच असे नाही. पावसाने ओल्या झालेल्या उतारावर स्कूटर घसरते, पाय मोडतो. खासगी रुग्णालय शस्त्रक्रियेआधी अनामत रक्कम मागते. प्रवास विमा काढलेला आहे, म्हणून दोघे निर्धास्त. पण विमा कंपनीचा पहिला प्रश्न असतो : चालकाकडे या वाहनाचा वैध परवाना होता का? नवऱ्याच्या परवान्यावर फक्त ‘एलएमव्ही’, म्हणजे चारचाकी. बहुतेक प्रवास विम्यांत अशा अपघाताची भरपाई वगळलेली असते. रुग्णालयाचे सगळे बिल मग घरच्यांवर येते.

थायलंडमध्ये रस्त्यावर मरणाऱ्यांत दुचाकीवरच्यांचा वाटा सर्वाधिक आहे. तिथे भाड्याच्या स्कूटरला सक्तीचा विमा असतो, पण तो उपचारांसाठी मर्यादित रक्कमच देतो. गाडीच्या नुकसानीचा त्यात समावेश नसतो.

आयडीपी म्हणजे काय?

इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट ही आपल्या परवान्याची परदेशात चालणारी सोबतपुस्तिका. ती आरटीओच देते. पनवेलचे कार्यालय, म्हणजे ‘एमएच ४६’, कळंबोलीत आहे. ‘सारथी’ पोर्टलवर अर्ज करता येतो. नमुना ४ए भरायचा, शुल्क १,००० रुपये. मुदत एक वर्ष. मूळ परवाना त्याआधी संपत असेल तर तेवढीच. २०२१ पासून अर्जासोबत वैद्यकीय प्रमाणपत्र आणि व्हिसाची अट नाही. २०२२ पासून देशभर एकच नमुना असून त्यावर क्यूआर कोड असतो.

मूळ परवान्यावर जे वाहन नाही, ते आयडीपीवरही येत नाही. दुचाकी चालवायची असेल तर दुचाकीचा परवाना आधी इथेच काढावा लागतो. त्यासाठी लर्निंग लायसन्सपासून सुरुवात, म्हणजे सहलीच्या आदल्या आठवड्यात सुचून उपयोग नाही. परदेशात मूळ परवानाही सोबत ठेवावा, एकटी पुस्तिका पुरत नाही.

व्हिएतनामचा पेच

भारताची आयडीपी १९४९ च्या जिनिव्हा करारानुसार दिली जाते. जपान आणि थायलंड ती मानतात. व्हिएतनाम मात्र १९६८ च्या व्हिएन्ना करारात आहे, त्यामुळे आपली पुस्तिका तिथे ग्राह्य नाही. हा जांगच्या घाटांतले रील्स पाहून मोटारसायकलचे बेत आखणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे. तिथे स्थानिक चालकाच्या मागे बसून तोच घाट करता येतो. ते कमी रुबाबदार दिसेल, पण विम्याच्या दृष्टीने शहाणपणाचे आहे.

दुकानदार तारण म्हणून पासपोर्ट मागत असेल तर देऊ नये. झेरॉक्स आणि रोख अनामत द्यावी. गाडी ताब्यात घेताना तिचा चहूबाजूंनी व्हिडीओ काढावा, कारण जुन्या ओरखड्यांचे पैसे नव्या गिऱ्हाइकाकडून उकळण्याचा धंदा अनेक पर्यटनस्थळी चालतो.

मग फिरायचे कशाने?

दुबईत मेट्रो उत्तम. तिच्यात महिला आणि मुलांसाठी वेगळा डबा आहे, खाल्ले-प्यायले तर १०० दिरहम दंड. पण ती रात्रभर चालत नाही, त्यामुळे पहाटे दोन-तीनला उतरणाऱ्यांना टॅक्सीच घ्यावी लागते. गुलाबी छताच्या टॅक्सी महिला चालवतात, महिला प्रवासी आणि कुटुंबांसाठी. बँकॉकच्या सुवर्णभूमी विमानतळावर तळमजल्यावरच्या यंत्रातून चिठ्ठी घेऊन मीटर टॅक्सी मिळते. तक्रारीसाठी ती चिठ्ठी जपून ठेवावी. आग्नेय आशियात बहुतेक ठिकाणी ग्रॅब ॲप चालते. बसण्याआधी नंबरप्लेट जुळवून पाहावी.

थायलंड, सिंगापूर, मलेशिया, बाली, जपान इथे वाहने आपल्यासारखी डावीकडून चालतात. दुबई, व्हिएतनाम आणि युरोपच्या बहुतेक देशांत उजवीकडून. तिथे चालकाइतकाच पादचाऱ्यालाही धोका असतो. रस्ता ओलांडताना आपली मान सवयीने आधी उजवीकडे वळते आणि गाडी डावीकडून येते.

मोबाइलमध्ये आधीच सेव्ह करा : थायलंडचे पर्यटक पोलीस ११५५, रुग्णवाहिका १६६९, दुबईत पोलीस ९९९, रुग्णवाहिका ९९८, व्हिएतनाममध्ये ११३ आणि ११५, युरोपीय संघात ११२.

आणि निघण्याआधी तिकिटावरचा कोड वाचा. ‘एनएमआय’ म्हणजे उलवे, ‘बीओएम’ म्हणजे मुंबईचा जुना विमानतळ. बँकॉकमध्येही विमानतळ दोन आहेत, ‘बीकेके’ म्हणजे सुवर्णभूमी, ‘डीएमके’ म्हणजे डॉन मुआंग. हॉटेलची गाडी ठरवताना यातला नेमका कोणता, हे कळवा.