आपला ब्लॉग, आपल्या हाती – भाग ४ : काढता येईल तेच बसवा

मागच्या भागात डोमेन आणि होस्टिंग घेऊन आपण वर्डप्रेस बसवलं. आता समोर रिकामा डॅशबोर्ड आहे आणि डावीकडच्या पट्टीत ‘अपिअरन्स’ आणि ‘प्लगइन्स’ अशी दोन नावं. नवा ब्लॉगर अडकतो तो इथेच. ही थीम लाव, ती काढ, कुणीतरी सांगितलेली पाच-पंचवीस प्लगइन्स टाक, मग त्यांतली कुठली नडतेय ते शोधत बस. या खटाटोपात पहिला लेख लिहायचा राहूनच जातो.

दोन्हींची निवड करताना मी आधी एकच प्रश्न विचारतो : हे उद्या काढून टाकलं तर मागे काय उरेल? लावल्यावर कसं दिसेल हे दाखवायला डेमो असतात. काढल्यावर काय होईल हे कुठल्याच जाहिरातीत छापलेलं नसतं.

आधी यंत्रणा थोडी समजून घेऊ. मे २००३ मध्ये वर्डप्रेस आलं तेव्हा त्यात थीमही नव्हत्या आणि प्लगइन्सही. प्लगइनची सोय २००४ मध्ये १.२ या आवृत्तीत झाली, थीमची २००५ मध्ये १.५ मध्ये. प्लगइनमागची कल्पना साधी आहे. पान तयार करता करता वर्डप्रेस ठरावीक ठिकाणी थांबतं आणि ‘इथे कुणाला काही करायचंय का?’ असं विचारतं. या थांब्यांना हुक म्हणतात. ज्या प्लगइनने तिथे आधी नाव नोंदवलेलं असतं, त्याचा कोड तेव्हा चालतो. लेखाखाली शेअरची बटणं उगवतात ती अशी.

आता मोबाइल आठवा. नवं ॲप टाकलं की ते कॅमेरा वापरू का, कॉन्टॅक्ट्स बघू का, असं विचारतं. वर्डप्रेसचं प्लगइन असली कसलीही परवानगी मागत नाही. एकदा ॲक्टिव्हेट केलं की तुमच्या अर्धवट मसुद्यांपासून वाचकांच्या ईमेल पत्त्यांपर्यंत सगळा डेटाबेस त्याला मोकळा. थीमचंही तेच. तिच्यातही कोड असतो आणि प्लगइनला जमतं ते सगळं त्या कोडला जमतं. थीम म्हणजे नुसती सजावट, हा समज त्यामुळे महागात पडतो.

थीम निवडताना मराठी ब्लॉगरची पहिली फसगत डेमोतच होते, कारण डेमो इंग्रजीत असतो. मोठा फोटो, त्याखाली नाजूक वळणाचं शीर्षक, भरपूर मोकळी जागा. आपण त्या अक्षरांवर भाळतो. पण त्या फॉन्टमध्ये बहुधा देवनागरी नसतेच. मग ब्राउझर वाचकाच्या यंत्रावर जो देवनागरी फॉन्ट सापडेल तो उचलतो : विंडोजवर निर्मला किंवा मंगल, अँड्रॉइडवर नोटो. ज्या अक्षरांसाठी थीम घेतली ती वाचकाला कधी दिसतच नाहीत.

त्याहून त्रासदायक असतात त्या इंग्रजी अक्षरांसाठी केलेल्या मांडणीच्या खोड्या. शीर्षक ऐटबाज दिसावं म्हणून अनेक थीम अक्षरांमध्ये अंतर सोडतात. रोमनला ते शोभतं. मराठीत शिरोरेषेचे तुकडे पडतात आणि ‘महाराष्ट्र’ सुट्या अक्षरांची रांग होऊन बसतो. ओळींमधलं अंतरही तसंच. इंग्रजी शीर्षकाला अक्षराच्या उंचीच्या १.२ पट अंतर पुरतं. मराठी शीर्षक दोन ओळींचं झालं की वरच्या ओळीतला उकार खालच्या ओळीतल्या वेलांटीत आणि रफारात घुसतो. अवतरणं तिरप्या अक्षरांत दाखवण्याची हौस असलेल्या थीमही पुष्कळ. फॉन्टमध्ये तिरपं वळण नसलं की ब्राउझर उभी देवनागरी अक्षरं जबरदस्तीने कलती करतो आणि ती वाऱ्याने पडल्यासारखी दिसतात.

म्हणून थीम पसंत करण्याआधी एक कसोटीचा मसुदा तयार ठेवावा. त्यात एक लांबलचक दोन ओळींचं शीर्षक, एक अवतरण, एक यादी आणि ‘दुसऱ्या’, ‘वाङ्मय’, ‘कर्तृत्व’, ‘दृष्टी’, ‘मिठ्ठू’, ‘ॲप’ असे शब्द असलेला परिच्छेद घालावा. यातलं ‘ॲ’ हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आलं, त्यामुळे जुन्या फॉन्टमध्ये त्याच्या जागी चौकोन दिसू शकतो. हा मसुदा संगणकावर पाहून थांबू नका. घरातल्या सगळ्यांत स्वस्त मोबाइलवर उघडा. तुमचे बहुतेक वाचक तिथेच असणार. जाता जाता सेटिंग्जमध्ये साइटची भाषा मराठी केली आहे ना तेही तपासा. काही देवनागरी फॉन्टमध्ये हिंदी आणि मराठी अशी दोन्ही वळणं भरलेली असतात, आणि पानाची भाषा मराठी आहे असं कळलं तरच पाकळीचा ‘ल’ आणि देठाचा ‘श’ उमटतो.

फॉन्टसाठी वेगळं प्लगइन घेण्याची गरज आता फारशी उरलेली नाही. एप्रिल २०२४ मध्ये आलेल्या ६.५ या आवृत्तीपासून वर्डप्रेसमध्येच फॉन्ट लायब्ररी आहे. ब्लॉक थीम (सगळी रचना ब्लॉक्सनी करणारी थीम) असेल तर गूगल फॉन्ट्समधला फॉन्ट तिथूनच आपल्या सर्व्हरवर उतरवता येतो. मुंबईच्या ‘एक टाइप’ या संस्थेने केलेला ‘मुक्त’ किंवा नावातच मराठी असलेला टिरो देवनागरी मराठी लावून पाहा. लांब लेखांना टिरो, बातमीवजा मजकुराला मुक्त, ही माझी आवड. तुमची वेगळी असू शकते.

आता मूळ प्रश्न : थीम काढली तर? काही थीम, विशेषतः ‘एकीत सगळं’ अशी जाहिरात करणाऱ्या विकतच्या थीम, मजकुराची मांडणीही स्वतःकडे घेतात. रकाने, बटणं, फोटोंची सरकपट्टी हे सगळं शॉर्टकोडमध्ये, म्हणजे चौकटी कंसातल्या सांकेतिक शब्दांत, लेखातच लिहिलं जातं. थीम चालू आहे तोवर ते कंस दिसत नाहीत. थीम बदलली की त्यांचा अर्थ लावणारं कुणी उरत नाही आणि प्रत्येक लेखात परिच्छेदापेक्षा कंसच जास्त दिसू लागतात. खाद्यपदार्थांचा ब्लॉग असेल आणि थीमने ‘पाककृती’ नावाचा वेगळा विभाग दिला असेल, तर थीमबरोबर तो अख्खा विभागच डॅशबोर्डवरून नाहीसा होतो. डेटाबेसमध्ये पाककृती असतात, पण तुम्हाला दिसत नाहीत. मजकुराशी संबंधित सोय हवी असेल तर ती प्लगइनमधून घ्यावी; थीमकडे फक्त रूप ठेवावं. पारख सोपी आहे. नव्या थीममध्ये एक लेख नीट सजवा, मग वर्डप्रेसबरोबर येणारी ट्वेंटी ट्वेंटी-फाइव्ह लावा. लेख सलग वाचता आला तर पहिली थीम ठेवायला हरकत नाही.

थीमच्या पोटात काय दडलेलं असतं याचा धडा ऑगस्ट २०११ मध्ये मिळाला. टिमथंब नावाची फोटो लहान-मोठे करणारी एक छोटी फाइल तेव्हा कितीतरी थीममध्ये घातलेली असे. फ्लिकर, ब्लॉगर अशा ठरावीक साइटवरून ती फोटो आणू शकत होती. पण पत्ता तपासताना यादीतलं नाव त्यात कुठेतरी आहे का, एवढंच ती पाही. म्हणजे ‘ब्लॉगर डॉट कॉम’ या अक्षरांनी सुरू होणारा पण प्रत्यक्षात भलत्याच्याच मालकीचा पत्ताही तिला चाले. तिथून आलेली फाइल ती अशा फोल्डरमध्ये ठेवी, जो बाहेरून उघडता येत असे. फोटोऐवजी कोड पाठवला की काम फत्ते. मार्क माँडर नावाच्या गृहस्थांच्या स्वतःच्या ब्लॉगमध्ये अशी घुसखोरी झाली आणि माग काढता काढता त्यांना ही फट सापडली. प्लगइन असतं तर निदान यादीत नाव दिसलं असतं. इथे लोकांनी फक्त थीम घेतली होती. आत टिमथंब आहे हे पुष्कळांच्या गावीही नव्हतं.

विकतच्या थीमच्या ‘फुकट’ प्रती वाटणाऱ्या साइटबद्दल जास्त लिहीत नाही. त्यांच्या झिप फायलींत मालवेअर निघणं ही नेहमीची गोष्ट आहे. पैसे नसतील तर वर्डप्रेसची स्वतःची थीम वापरा. २०१० पासून या थीम सालाच्या नावाने निघतात (२०१८ च्या नावाची मात्र निघालीच नाही). दिसायला साध्या असतात, पण मजकुराला धरून बसत नाहीत. मी सुरुवातीला यातलीच एक सुचवतो. पन्नास लेख झाल्यावर तुम्हाला काय हवंय ते तुम्हालाच कळेल.

प्लगइन्सकडे वळू. ‘प्रत्येक ब्लॉगला हवीतच अशी वीस प्लगइन्स’ छापाच्या याद्यांतली बरीचशी नावं शिळी झाली आहेत. ऑगस्ट २०२० मध्ये आलेल्या ५.५ या आवृत्तीने साइटमॅप, खाली सरकल्यावरच फोटो उतरवण्याची सोय आणि प्लगइन्स आपोआप अपडेट करण्याची सोय, या तिन्ही गोष्टी मूळ वर्डप्रेसमध्ये आणल्या. त्याआधी यातल्या प्रत्येकासाठी लोक वेगळं प्लगइन टाकत. याद्या मात्र तशाच फिरत राहिल्या.

कधी कधी तर काम इतकं छोटं असतं की हातानेच उरकावं. मराठी शीर्षकांचे पत्ते घ्या. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह, अगदी काना आणि पाय मोडल्याची खूणसुद्धा, पत्त्यात टक्क्याच्या खुणांसह नऊ रोमन चिन्हांचं होतं, आणि शीर्षकापासून पत्ता बनवताना वर्डप्रेस २०० चिन्हांवर थांबतं. म्हणजे मराठीची जेमतेम २२ चिन्हं. ‘कोल्हापूरच्या तांबड्या रश्श्याची गोष्ट’ असं शीर्षक दिलंत तर पत्ता ‘कोल्हापूरच्या-तांबड्या-र’ इथे तुटतो, आणि व्हॉट्सॲपवर पाठवला की टक्क्यांची भलीमोठी माळ दिसू शकते. शीर्षकाचं रोमन लिप्यंतर करणारी प्लगइन्स मिळतात, पण प्रसिद्ध करण्याआधी पत्त्याच्या चौकटीत दोन-तीन रोमन शब्द टाइप करायला अर्धं मिनिट लागतं. तेवढ्यासाठी कुणाचा तरी कोड कायमचा घरात कशाला घ्यायचा?

खरोखर लागणारं प्लगइन निवडताना वर्डप्रेसच्या प्लगइन डिरेक्टरीतल्या त्याच्या पानावर चांदण्यांआधी ‘शेवटचं अपडेट’ पाहा. वर्ष उलटून गेलं असेल तर पुढे जा. मग सपोर्टच्या भागात लोकांच्या तक्रारींना उत्तरं मिळतात की प्रश्न लोंबकळत पडतात ते बघा. पाच चांदण्या तीन वर्षांपूर्वीच्या असू शकतात. अनुत्तरित तक्रारी आजच्या असतात.

आणि मालक कोण हे अधूनमधून तपासा. डिस्प्ले विजेट्स नावाचं एक प्लगइन होतं. कुठलं विजेट कुठल्या पानावर दाखवायचं एवढंच त्याचं काम. दोन लाखांच्या आसपास साइटवर ते चालत होतं. २०१७ मध्ये मूळ कर्त्यांनी ते विकलं. नव्या मालकाने अपडेटमधून असा कोड घातला, की तो त्या साइटवर परस्पर स्पॅम मजकूर छापू लागला. त्यातली खुबी अशी की लॉग-इन केलेल्याला तो मजकूर दिसत नसे. ब्लॉगचा मालक सहसा लॉग-इन केलेलाच असतो, म्हणजे ज्याने बघायला हवं त्यालाच सगळं आलबेल दिसायचं. डिरेक्टरीतून ते काढलं गेलं, परत आलं, असं एकदा नव्हे बऱ्याचदा झालं आणि सप्टेंबर २०१७ मध्ये ते कायमचं हटवलं. पण डिरेक्टरीतून हटवलं म्हणून तुमच्या सर्व्हरवरून ते जात नाही. ते आपलं चालूच राहतं. तेव्हा महिन्यातून एकदा आपला ब्लॉग ब्राउझरच्या इन्कॉग्निटो खिडकीत, परक्या वाचकासारखा, उघडून पाहायची सवय लावून घ्या.

माझ्या मते नव्या ब्लॉगला बॅकअपचं एक प्लगइन लागतंच. प्रतिक्रिया खुल्या ठेवणार असाल तर स्पॅम अडवणारं एक. कॅशेचं, म्हणजे पानाची तयार प्रत साठवून तीच वाचकाला देणारं, प्लगइन होस्टिंगवाला ती सोय देत नसेल तरच, आणि तेही एकच; दोन कॅशे एकमेकांच्या पायात पाय घालतात आणि सुधारलेला लेख वाचकाला जुनाच दिसत राहतो. एसइओचं घ्यायचं तर घ्या, पण त्याने दाखवलेले हिरवे दिवे इंग्रजी वाक्यरचनेच्या हिशेबाने लावलेले असू शकतात. ते लागावेत म्हणून मराठी वाक्यं मोडू नका. संपर्काचा फॉर्म, फोटोंची सरकपट्टी, पॉपअप यांचं कुणी मागेल तेव्हा बघू.

नको असलेलं प्लगइन नुसतं डिॲक्टिव्हेट करून ठेवू नका, डिलीट करा. बंद प्लगइनच्या फायलीही सर्व्हरवर पडून असतात आणि त्यातल्या फटीतून कुणी आत येऊ शकतं. एका वेळी एकच प्लगइन टाका किंवा अपडेट करा, म्हणजे बिघडलं तर दोषी कोण ते लगेच कळतं. पान कोरं पडलंच तर आधी ईमेल उघडा. मे २०१९ मधल्या ५.२ पासून असा बिघाड झाल्यावर वर्डप्रेस ॲडमिनला रिकव्हरी मोडची लिंक पाठवतं. तिने आत जाऊन बिघडलेलं तेवढं बंद करता येतं. ईमेल आलंच नाही तर होस्टिंगच्या फाइल मॅनेजरमध्ये जाऊन प्लगइन्सच्या फोल्डरचं नाव बदला. फोल्डर सापडत नाही म्हटल्यावर वर्डप्रेस सगळी प्लगइन्स बंद करतं आणि डॅशबोर्ड उघडतो. मग मूळ नाव परत द्या आणि एकेक चालू करत जा.

बॅकअपचं प्लगइन कुठलं घ्यायचं आणि त्याची प्रत त्याच सर्व्हरवर का ठेवायची नाही, ते पुढच्या आठवड्यात.